मूठ सुटेपर्यंत

क्लच या शब्दाने आपल्याला दोनदा तोंडघशी पाडलं, असं धाकटीचं ठाम मत होतं. पहिल्यांदा कॉलेजात असताना, भर चौकात. दुसऱ्यांदा चाळिशी उलटल्यावर, शब्दकोशाच्या कचेरीत, खिडकीजवळच्या टेबलाशी. आणि दुसऱ्यांदा आला तोही नेमका बाबा हॉस्पिटलात पडलेले असताना.

आधी चौकातलं सांगायला हवं. बाबांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एक गाडी, तिच्या छपरावर पाटी आणि शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक, एवढाच काय तो संसार. गावातली निम्मी माणसं त्यांच्या हाताखाली गाडी शिकली होती. त्यामुळे रस्त्यात कुणी वेडंवाकडं वळण घेतलं की बाबा खिडकीतून मान बाहेर काढून त्याचा उद्धार करत, आणि पुढचा माणूस "चुकलं, सर" म्हणत गाडी बाजूला घेई. क्लच शिकवायची त्यांची खास तऱ्हा होती. नवखा माणूस क्लच नीट दाबतो, पण सोडताना चटका बसल्यासारखा पाय उचलतो. मग गाडी आचका देते आणि बंद पडते. यावर बाबा भाषण देत नसत. इंजिन बंद करून ते शिकणाऱ्याचं मनगट घट्ट धरत आणि मग मूठ इतकी हळू सैल करत, की पकड नेमकी कधी गेली ते त्या माणसाला सांगता येत नसे. तोंडाने चालू असे, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे." शेवटी म्हणत, "असा. आता हेच पायाला सांग." काहींना वाटे, सरांना डुलकी लागली. पण लोक गाडी शिकत, हे खरं.

शिकली नाही ती पोटची पोरगी. तिच्या हातून गाडी चौकाच्या मधोमध बंद पडली, पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. मागून भोंग्यांचा नुसता गदारोळ. आणि अशा वेळी बाबांनी काय करावं? शांतपणे तिचं मनगट धरलं. "येऊ दे," म्हणाले. तिचा पारा चढला. "सोडा मला!" असं किंचाळून तिने हात हिसडला, दार उघडलं आणि मागच्या गाड्यांना न जुमानता तरातरा घरी चालत आली. बाबा मागून गाडी घेऊन आले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर त्यांनी तिचं मनगट कधी धरलं नाही आणि तिने स्टिअरिंग. वर्षं गेली. दोघांत बोलणं होतं, पण जेवलीस का, पोचलीस का, छत्री घेतलीस का, यापलीकडे गाडी सरकत नसे.

आता बाबांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता. शरीराची एक बाजू पार गेली होती. वाचा गेली होती. डोळे उघडे असत, पण छताकडे लागलेले, तिथे कुणी काही लिहून ठेवल्यासारखे. दुसऱ्या बाजूचा हात तेवढा जागा होता.

पहिल्या दिवशी धाकटीने भीतभीत त्या हातात आपला हात ठेवला. बाबांची बोटं मिटली. सैलसर नाही, चांगली घट्ट. तिला हुंदका आवरेना. इतक्या वर्षांनी! एवढं सगळं गेलं, पण आपण आहोत हे त्यांना कळलं. ती व्हरांड्यात धावली आणि चहाच्या यंत्राशी झटापट करणाऱ्या भावाला तिने गाठलं.

"दादा, बाबांनी माझा हात धरला!"

दादा आता ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. बाबांचा शांतपणा त्याच्यात उतरला होता, वर थोडा खट्याळपणा. त्याने यंत्राला एक टपली मारली. "माझाही धरला."

"अगं बाई. मग?"

"मग काय, नर्सबाईंचाही धरला. उशीचा कोपरा धरला. सकाळी लादी पुसणाऱ्या मावशींची ओढणी धरली, त्या बिचाऱ्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या. धाकटे, उगाच जीव लावून बसू नकोस."

तिच्या तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. ती डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर तरुण होत्या, केस घट्ट बांधलेले, आवाज मऊ. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. तान्ह्या बाळाच्या तळव्यावर बोट टेकवलं की ते मूठ वळतं. मोठेपणी मेंदूचा पुढचा भाग या सवयीला आवर घालतो. तोच भाग दुखावला की ती सवय परत येते. तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. त्यात ओळख नाही, माया नाही, काही नाही.

"आणि खरंच ओळखून धरला असेल तर? फरक कसा कळणार?"

"धरण्यावरून नाही कळत," डॉक्टर म्हणाल्या. "सोडण्यावरून कळतं. 'सोडा' म्हटल्यावर सोडलं, तर माणूस आत आहे आणि आपलं ऐकतो आहे. शुक्रवारी मी तपासेन. ऐकत असतील तर पुनर्वसन विभागात खाट मिळेल. तिथे रोज व्यायाम, बोलण्याचा सराव, सगळं असतं. ऐकत नसतील, तर मग शुश्रूषा केंद्र."

शुश्रूषा केंद्र धाकटीने पाहिलं होतं. स्वच्छ होतं, माणसं चांगली होती. खाटेवरच्यांना वेळेवर कुशीवर वळवत, पुसून काढत. कुणी त्यांच्याकडून कशाची अपेक्षा मात्र करत नसे. बाबा तिथे गेले की गेलेच, हे तिला लख्ख दिसलं.

इकडे कचेरीत तिच्या टेबलावर काय यावं? इंग्रजी शब्दांचा अर्थ आपल्या भाषेत देणारा मोठा कोश चालला होता, आणि अक्षरांची वाटणी होऊन क्लच तिच्या वाट्याला आला होता. गाडीतला भाग हा पुढचा अर्थ. पहिला अर्थ: घट्ट धरणे.

एवढं लिहून ती अडली. आपल्या भाषेत नुसतं घट्ट धरता येतं कुठे? आईने लेकराला धरलं तर ते कवटाळणं. लेकराने आईला धरलं तर बिलगणं. रागाने धरलं तर आवळणं, पळून जाईल म्हणून धरलं तर जखडणं, कंजुषाने धरलं तर मुठीत दाबून ठेवणं. धरणाऱ्याच्या मनात काय आहे ते आधी ठाऊक हवं, तेव्हा कुठे क्रियापद सापडतं. इंग्रजीचं बरं होतं. एकच शब्द, मनाची चौकशी नाही.

मग तिने व्युत्पत्ती पाहिली, तर डोक्याचा पार भुगा झाला. एका वेळी उबवलेल्या अंड्यांनाही हाच शब्द, पण तो म्हणे वेगळ्याच घराण्यातला, अंड्यातून पिल्लू बाहेर काढणं या अर्थाच्या शब्दातून आलेला. दोघांची ओळखदेखसुद्धा नाही, केवळ चेहरे सारखे. बिनपट्ट्याची, हातात धरायची पर्स हा अलीकडचा अर्थ. नामाच्या मागे गेलं तर पक्ष्याचा पंजा निघाला. आणि क्रियापदाच्या मुळाशी जाऊन पोचलं, तर जुन्या इंग्रजीत एवढंच होतं: बोटं आत वळवणे. बस्स. त्या बोटांत काही आहे की नाही, आणि असलेलं धरणाऱ्याला हवंसं आहे की नाही, याबद्दल मूळ शब्द ब्र काढत नव्हता.

ती त्या ओळीकडे बघत बसली. म्हणजे डॉक्टर म्हणतात तेच की. बोटं आत वळवणे.

"झालं का?" संपादकबाईंनी चष्म्यावरून विचारलं. बाईंच्या हाताखालून तीन पिढ्यांचे शब्द गेले होते आणि त्या कशालाही बधत नसत.

"बाई, कवटाळणे आणि आवळणे यांतलं पहिलं कुठलं लिहू? धरणाऱ्याचा हेतू कळल्याशिवाय…"

"आपण अर्थ लिहितो, हेतू नाही. घट्ट धरणे लिही आणि पुढे हो. हेतू ज्याचा त्याला ठाऊक."

"आणि त्यालाही ठाऊक नसेल तर?"

बाईंनी चष्मा काढला. "घरी बरं आहे ना गं?" त्या म्हणाल्या, आणि धाकटीला एकदम रडू फुटलं. बाईंनी तिला त्या दिवशी लवकर सोडलं. शब्द मात्र तसाच टेबलावर राहिला.

ती थेट हॉस्पिटलात गेली. शुक्रवारची वाट बघायची तिच्यात ताकद नव्हती. दुपारचं ऊन खाटेच्या पायथ्याशी आलं होतं, दादा अजून यायचा होता. तिने बाबांच्या तळव्यात बोटं ठेवली. मूठ मिटली. आता जे विचारायचं होतं ते विचारण्याचीच तिला भीती वाटत होती. सोडलं तर बाबा आहेत. सोडलं नाही तर नाहीत. न विचारता नुसतं बसून राहिलं, तर निदान हात तरी हातात आहे.

शेवटी ती म्हणाली, "बाबा, सोडा."

पकड आणखी आवळली.

ती गोंधळली. हे काय? ऐकू आलं म्हणून आवळली? की आवाजाने दचकले? की तोच शब्द, तिनेच चौकात तोंडावर फेकलेला, त्यांना आत कुठेतरी लागला? की आता सोडायचंच नाही असं ठरवलं? तिने पुन्हा म्हटलं, "सोडा ना, बाबा." पुन्हा तेच. ताकाला तूर लागू देईनात. नर्स आली, तिने सफाईने बाबांचं मनगट आत वाकवलं आणि मूठ उघडून धाकटीची बोटं सोडवली. बोटं लालेलाल झाली होती. ती त्यांच्याकडे असं बघत राहिली, जणू त्यांवर उत्तर उमटलं असावं.

बाहेर दादा भेटला. तिने सगळं सांगितलं.

"आवाजाने होतं तसं," तो म्हणाला. मग जरा थांबून, "मीही विचारलं होतं. परवा. तुला सांगितलं नाही." त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचा खट्याळपणा नव्हता. "मलाही नाही सोडलं."

शुक्रवार उजाडला. दुपारी डॉक्टर आल्या, त्यांच्या हातात फाइल. त्यांनी बाबांना नावाने हाक मारली, आपली दोन बोटं त्यांच्या तळव्यात ठेवली. मूठ मिटली. "आता सोडा," डॉक्टर मोठ्याने, स्पष्ट म्हणाल्या. काही नाही. त्या थोडं थांबल्या, मनगट वाकवून बोटं सोडवून घेतली, पुन्हा तसंच केलं. पुन्हा काही नाही.

"घरच्या माणसाच्या हाताने एकदा करून बघू," डॉक्टर म्हणाल्या. त्या मनाने चांगल्या होत्या. "तुम्ही या."

धाकटी पुढे झाली. मागून दादा म्हणाला, "हात नको देऊस, मनगट दे. बाबा हात कधी धरायचे? मनगटच धरायचे."

तिने मनगट दिलं. बाबांची बोटं त्याभोवती मिटली, आणि ती चौकातच जाऊन उभी राहिली. तोच अंगठा, त्याच जागी. डॉक्टरांनी खुणावलं.

"सोडा, बाबा," ती कशीबशी म्हणाली.

नाही सोडलं. डॉक्टर थांबल्या, मग त्यांनी मान हलवली. "मला वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. पेन काढून त्या खिडकीकडे वळल्या आणि फाइल कठड्यावर ठेवून लिहू लागल्या. दादाने पाठ फिरवली; तो रडत होता हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं. धाकटीचा हात सोडवायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. तीही विसरली. ती नुसती उभी होती, आता शुश्रूषा केंद्रात बाबांचा कोणता सदरा न्यायचा, असला काहीतरी अर्थहीन विचार करत.

मग तिला वाटलं, मनगटाला मुंग्या येताहेत. दाबलेल्या जागी रक्त परत येतं तेव्हा येतात तशा. तिने खाली पाहिलं. बाबांची मूठ होती तशीच होती. करंगळी जराशी वर आलेली वाटली, पण ती आधीपासूनच तशी असेल. तिने डोळे चोळले. आता करंगळीच्या शेजारचं बोटही. छे, भास. भास म्हणावा, तर कातडीवर बोटाचा पांढरा वळ उघडा पडला होता आणि हळूहळू लाल होत होता.

ती हलली नाही. तिने श्वाससुद्धा धरून ठेवला. तिला ठाऊक होतं, अंगाने ठाऊक होतं, की आता हिसडा दिला तर गाडी बंद पडेल.

"डॉक्टर," ती कुजबुजली, "जरा थांबा. लिहू नका."

डॉक्टर वळल्या. दादा वळला. तिघंही त्या मुठीकडे बघत राहिली. काही घडताना दिसत नव्हतं, आणि तरी दर वेळी पाहावं तेव्हा काहीतरी घडून गेलेलं असे. शेवटी नुसता अंगठा उरला, नाडीवर टेकलेला, आणि मग तोही नव्हता.

"थकले असतील," डॉक्टर सावधपणे म्हणाल्या. "स्नायू दमला की पकड आपोआप जाते."

"असेल," धाकटी म्हणाली. तिलाही कुठे खात्री होती? तिच्या डोक्यात सगळा कालवा झाला होता. "पण बाबा असंच सोडतात. आयुष्यभर लोकांना असंच सोडायला शिकवलंय त्यांनी. झटकन सोडलं की पुन्हा करायला लावायचे. त्यांना 'सोडा' म्हटलं, तर ते असंच सोडणार ना?"

"असंच," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी स्वतः रोज असंच शिकवतो. आणि मलाच…" त्याने कपाळावर हात मारला.

डॉक्टरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ही बाई आणि हा बाप्या काय बोलताहेत ते त्यांना धड कळलं नसावं, पण फाइल त्यांनी मिटली. "मग नीट तपासू," त्या म्हणाल्या. "आधी मनगट द्या आणि काहीच बोलू नका. दमून सुटते का बघू."

धाकटीने मनगट दिलं. मूठ मिटली. कुणी बोललं नाही. व्हरांड्यातून ढकलगाडी खडखडत गेली, कुणाचा तरी फोन वाजून थांबला, ऊन खाटेच्या पायथ्यावरून चादरीवर चढलं. मूठ मिटलेलीच. मघाच्याहून कितीतरी अधिक वेळ गेला, तरी एक बोट हललं नाही. धाकटीचा हात कोपरापर्यंत बधिर झाला.

"आता सांगा," डॉक्टर म्हणाल्या.

धाकटी वाकली. 'सोडा' हा शब्द आता तिच्या तोंडून येईना. एकदा किंचाळली होती, तेवढा जन्माला पुरला. ती बाबांच्या कानाशी गेली आणि तिने तेच म्हटलं जे चौकात ऐकून घ्यायचा तिला धीर नव्हता.

"येऊ दे, बाबा. येऊ दे, येऊ दे."

डोळे छतालाच होते. चेहऱ्यावर काही नव्हतं. पण करंगळीपासून सुरुवात झाली. या वेळी तिघांनीही पाहिलं. एकेक बोट वर येत गेलं, घाई न करता, आचके न देता, आणि धाकटी मनगट तसंच ठेवून उभी राहिली, शेवटपर्यंत, अंगठा सुटेपर्यंत.

डॉक्टरांनी फाइल उघडली, मघाची ओळ खोडली आणि म्हणाल्या, "पुनर्वसन विभागात मी बोलते. पुढचं काही सांगता येणार नाही हं, आधीच सांगून ठेवते. पण खाट देतील."

त्या गेल्या. दादा खाटेच्या कडेवर बसला, बहिणीकडे बघून रडतारडता हसला. "धाकटे," तो म्हणाला, "पहिल्यांदाच तुझी गाडी बंद पडली नाही."

तिला हसता येईना. तिचं मनगट मोकळं होतं आणि त्या मोकळ्या मनगटाचं काय करायचं ते तिला समजत नव्हतं. इतके दिवस ती धरण्याकडे डोळे लावून बसली होती. धरलं म्हणजे माया, असं तिने गृहीतच धरलं होतं. आणि ज्या दिवशी बाबांनी खरोखर तिचं ऐकलं, त्या दिवशी त्यांनी तिला सोडलं होतं. चौकातही ते सोडतच होते. तिला तेवढा वेळ थांबता आलं नव्हतं.

बाबांचा हात चादरीवर उताणा पडला होता. आता यात बोटं ठेवली तर मूठ पुन्हा मिटेल, हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, आपोआप, लादी पुसणाऱ्या मावशींच्या ओढणीवर मिटली तशी. त्याला कवटाळणं म्हणता येणार नाही. कोशात त्याला फार तर बोटं आत वळवणे म्हणतील.

तिने बोटं ठेवली. मूठ मिटली. कुणी मिटली ते तिने विचारलं नाही; ती स्टूल ओढून, तशीच बसून राहिली.